झिपऱ्या ते सुकेश: नॉर्वेचा 'पहिला' राजा हॅराल्ड

१८ जुलै १८७२. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, हाउगेसुंद शहराच्या उत्तरेला समुद्राकाठच्या एका टेकाडावर मोठा समारंभ भरला होता. मधोमध १७ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ आणि त्याच्याभोवती २९ उभ्या शिळा, जुन्या नॉर्वेच्या प्रत्येक प्रांतासाठी एक. अनावरणाला स्वतः राजपुत्र ऑस्कर उपस्थित होता. निमित्त होते राज्याच्या हजाराव्या वाढदिवसाचे. सन ८७२ मध्ये हाफ्रसफ्योर्डच्या लढाईत हॅराल्ड नावाच्या राजाने साऱ्या विरोधकांना नमवून नॉर्वे एक केला आणि मृत्यूनंतर तो याच परिसरात पुरला गेला, असे तेव्हाचे लोक मानत होते.

या समारंभातील बहुतेक प्रत्येक गोष्ट आज प्रश्नांकित आहे. ८७२ हे साल कोणत्याही जुन्या ग्रंथात नाही. ते पिढ्यांची आणि राजांच्या वयांची बेरीज-वजाबाकी करून ठरवलेले आहे, आणि आजचे बहुतेक अभ्यासक ती लढाई त्यानंतरची, साधारण ८८० ते ९०० च्या दरम्यानची मानतात. 'सारा नॉर्वे एक केला' हे विधान तर त्याहून डळमळीत आहे. राजपुत्र ऑस्कर हा स्वीडनचा होता ही त्यातली आणखी एक गंमत, कारण १८१४ पासून नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता. ज्या देशाला स्वतःचा राजा नव्हता, तो देश आपल्या पहिल्या राजाचा उत्सव परक्या राजघराण्याच्या हस्ते साजरा करत होता.

मग हा हॅराल्ड होता तरी कोण? आधी कथा पाहू, कारण कथा उत्तम आहे. ती सर्वांत विस्ताराने सांगितली आहे आइसलँडच्या स्नोरी स्टुरलुसन याने. त्याचा 'हाइम्सक्रिंगला' हा नॉर्वेच्या राजांचा इतिहास साधारण १२३० च्या सुमारास लिहिला गेला.

हॅराल्डचा बाप 'काळा' हाल्फदान हा दक्षिण नॉर्वेतील एक छोटा राजा. वसंत ऋतूत रान्सफ्योर्ड नावाच्या गोठलेल्या सरोवरावरून घसरगाडीने जाताना बर्फ फुटला आणि तो बुडून मेला. ज्या जागी गुरांना पाणी पाजण्यासाठी बर्फाला भोके पाडली होती, तिथे शेण साचून बर्फ ठिसूळ झाला होता, असा तपशीलही स्नोरी देतो. हाल्फदानच्या काळात पिके इतकी चांगली आली होती, की त्याचे प्रेत आपल्याच भूमीत पुरावे म्हणून चार प्रदेशांतील लोक भांडू लागले. शेवटी प्रेताचे चार भाग करून चार ठिकाणी पुरण्यात आले. हॅराल्ड तेव्हा दहा वर्षांचा होता. मामा गुथोर्म याने राज्य सांभाळले.

तरुण झाल्यावर हॅराल्डने गिदा नावाच्या राजकन्येकडे माणसे पाठवली. मागणी लग्नाची नव्हती, उपस्त्री म्हणून ठेवण्याची होती. गिदा मानी होती. चार-दोन परगण्यांच्या धन्यासाठी आपण आपले कौमार्य वाया घालवणार नाही, असे तिने दूतांना सुनावले. डेन्मार्कात गोर्म आणि उप्साला येथे एरिक साऱ्या देशाचे राजे होऊन बसले आहेत, मग नॉर्वेत तसे करण्याची हिंमत एकालाही का होऊ नये, असा तिचा सवाल होता. दूत चिडले आणि तिला पळवून आणण्याची भाषा करू लागले. हॅराल्ड मात्र म्हणाला की मुलीने काही वावगे सांगितलेले नाही, उलट तिचे आभार मानायला हवेत. त्याने तिथेच शपथ घेतली: सारा नॉर्वे कर, सत्ता आणि अधिकारासह आपल्या हाती येत नाही तोवर केस कापणार नाही आणि विंचरणारही नाही.

त्यानंतर दहा वर्षे लढाया झाल्या. केसांच्या जटा झाल्या आणि लोक त्याला 'लूफा' म्हणू लागले. या शब्दाला मराठीत 'झिपऱ्या' इतका नेमका प्रतिशब्द दुसरा नाही. शेवटची मोठी लढाई स्टावांगरजवळच्या हाफ्रसफ्योर्ड या खाडीत झाली. पश्चिमेचे राजे एकत्र येऊन जहाजे घेऊन उभे होते. त्यांच्यात थोरिर हाकलांग नावाचा बेभान लढणारा वीर होता. तो पडला आणि फळी फुटली. त्यानंतर मोरे प्रांताचा यार्ल, म्हणजे मोठा सरदार, रोग्नवाल्ड याने राजाचे केस कापले आणि विंचरले. ते इतके देखणे दिसले, की रोग्नवाल्डनेच त्याला नवे नाव दिले: 'हारफाग्री', सुंदर केसांचा, सुकेश. गिदेलाही त्याने आणवून घेतले. मात्र पुढे डेन्मार्कातील एका मोठ्या घरची मुलगी करताना त्याने आधीच्या बऱ्याच बायका सोडल्या, हेही स्नोरी जाता जाता नोंदवतो. ज्या मुलीच्या एका वाक्याने राज्य घडले, ती कथेतून अशी निघून जाते.

केस मोकळे सोडून केलेली प्रतिज्ञा मराठी वाचकाला नवी नाही. दुःशासनाच्या रक्ताशिवाय वेणी न घालणारी द्रौपदी आणि नंदांचा नाश होईपर्यंत शेंडीला गाठ न मारणारा चाणक्य आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. युरोपातही हा प्रकार हॅराल्डच्या कित्येक शतके आधीचा आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिले आहे, की जर्मानियातील खाट्टी जमातीचे तरुण पहिला शत्रू मारेपर्यंत केस आणि दाढी वाढू देत. रोमविरुद्ध बंड करणाऱ्या सिविलिस या पुढाऱ्याच्या अशाच नवसाची नोंदही त्याने केली आहे. म्हणजे गिदेची कथा खरी असेल किंवा नसेल, तिचा साचा मात्र फार जुना आहे, आणि कथाकाराला तो तयार मिळाला होता.

आता कालगणना मांडू. हॅराल्डचा मृत्यू पारंपरिक हिशेबाने ९३० च्या दशकात झाला. स्नोरीने लिहिले १२३० च्या सुमारास. मधे तीन शतके गेली. नॉर्वेत हॅराल्डच्या काळी रूनी लिपी होती, पण तिचा उपयोग दगडावर किंवा लाकडावर चार शब्द कोरण्यापुरता. इतिहास लिहून ठेवण्याची रीत ख्रिस्ती धर्माबरोबर, हॅराल्डच्या नंतर आली. सागा हा प्रकार समजून घ्यायला आपली बखर उपयोगी पडते: घटनेनंतर लिहिलेली, संवाद रचलेली, कुणाचा तरी अभिमान किंवा हक्क जपणारी, आणि तरीही पूर्णपणे टाकून देता न येणारी.

स्नोरीला ही अडचण ठाऊक होती. प्रस्तावनेत त्याने आपला आधार सांगितला आहे: स्काल्डांच्या, म्हणजे दरबारी कवींच्या रचना. त्याचा युक्तिवाद असा, की राजासमोर राजाच्याच पराक्रमाचे खोटे वर्णन करायला कवी धजणार नाही. ऐकणाऱ्या सर्वांनाच ते खोटे आहे हे कळेल आणि ती स्तुती न राहता टिंगल ठरेल. शिवाय स्काल्डांची छंदरचना इतकी घट्ट असते, की तोंडी परंपरेतही एखादा शब्द बदलला की वृत्त मोडते. आठ शतकांपूर्वीच्या लेखकाने साधनांची अशी तपासणी करावी ही साधी गोष्ट नाही.

मग त्याचीच कसोटी त्याला लावून पाहावी. हॅराल्डविषयीचे सर्वांत महत्त्वाचे काव्य म्हणजे थोर्ब्योर्न होर्नक्लोफी या कवीच्या नावावर असलेले 'हॅराल्ड्सक्वेदी'. एक वाल्कीरी, म्हणजे रणांगणावरील मृत वीरांची निवड करणारी देवदूती, आणि प्रेतांवर तृप्त झालेला कावळा यांच्या संवादातून ते उलगडते. हाफ्रसफ्योर्डच्या लढाईचे वर्णनही त्याच्याशी जोडले जाते, आणि अनेक अभ्यासक ते इ. स. ९०० च्या आसपासचे धरतात. यात हॅराल्डचा उल्लेख 'लूफा' असा आहे. म्हणजे 'झिपऱ्या' हे नाव जुने. हरलेल्यांची टिंगलही यथेच्छ आहे: घायाळ गडी जहाजात डोकी तळाला आणि ढुंगणे वर करून बाकांखाली दडले, बाकीचे ढाली पाठीवर टाकून घराकडे धावत सुटले.

पण नीट वाचले तर दोन गोष्टी खटकतात. एक, कवितेत शत्रूची जहाजे पूर्वेकडून येतात. दोन, हॅराल्डला उत्स्टाइन येथे राहणारा राजा म्हटले आहे, आणि उत्स्टाइन हे हाफ्रसफ्योर्डपासून जवळच, नैर्ऋत्य किनाऱ्यावर आहे. स्नोरीच्या कथेत हॅराल्ड हा बाहेरून आलेला विजेता आहे. कवितेत तो स्वतःच्या अंगणात उभा राहून चालून आलेल्यांना परतवणारा राजा दिसतो. सारा नॉर्वे एक झाला असे या लढाईच्या वर्णनात कुठेच नाही. एका मोठ्या लढाईत एका बलाढ्य किनारी राजाने आपले शत्रू पिटाळले, एवढेच त्यातून खात्रीने काढता येते. स्नोरीपुढे हीच कविता होती आणि तिच्यावरच त्याने आपली मोठी कथा बेतली.

समकालीन साक्षीदार कोणीच नाही का? एक आहे, आणि तो गप्प आहे. साधारण ८९० च्या सुमारास ओत्तार नावाचा नॉर्वेचा एक दर्यावर्दी इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडच्या दरबारात आला. तो हालोगालांडचा, म्हणजे नॉर्वेच्या दूर उत्तरेचा. त्याने आल्फ्रेडला जे सांगितले ते ओरोसियसच्या जगाच्या इतिहासाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात घालून ठेवले गेले. आपल्याकडे ६०० पाळीव रेनडिअर आहेत, पण गुरे, मेंढ्या आणि डुकरे प्रत्येकी विसाहून जास्त नाहीत, असे तो सांगतो. आपली खरी श्रीमंती सामी लोकांकडून मिळणाऱ्या खंडणीत आहे हेही सांगतो: कातडी, पक्ष्यांची पिसे, देवमाशांची हाडे आणि जहाजांचे दोर. तो किनाऱ्याने दक्षिणेला स्किरिंगसाल या व्यापारी बंदरापर्यंत आणि पुढे डेनांच्या हेडेबीपर्यंतचा प्रवास वर्णन करतो. त्या सागरी वाटेला तो 'नॉर्थवेग', उत्तरेची वाट, म्हणतो. देशाचे नाव त्यातूनच आले.

वाट आहे, बंदरे आहेत, खंडणी आहे. नॉर्वेच्या राजाचे नाव मात्र या निवेदनात एकदाही येत नाही. ओत्तार आल्फ्रेडला आपला धनी म्हणतो. मौनावरून सिद्धता होत नाही हे खरे. कदाचित त्याला कुणी विचारलेच नसेल, किंवा लढाई नंतरची असेल. तरी किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरलेल्या माणसाने एकछत्री राजाचा उच्चारही करू नये, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी साक्ष फ्रँक साम्राज्याची. स्नोरी हॅराल्डचे घराणे ओस्लो फ्योर्डच्या पश्चिमेकडील वेस्टफोल्ड प्रांताशी जोडतो. पण फ्रँक राजदरबाराच्या वार्षिक नोंदींत इ. स. ८१३ मध्ये डेन राजे वेस्टफोल्डवर मोहीम घेऊन गेल्याचे लिहिले आहे, कारण तिथल्या लोकांनी त्यांची सत्ता नाकारली होती. म्हणजे नवव्या शतकाच्या आरंभी हा प्रदेश डेनांच्या प्रभावाखाली होता. नॉर्वेचे इतिहासकार क्लाउस क्राग यांनी १९८० च्या दशकाअखेरीस यावरच बोट ठेवले. त्यांच्या मते हॅराल्डचे पूर्वेकडील मूळ, 'सारा नॉर्वे ही एकाच घराण्याची मिरास' ही कल्पना आणि त्या घराण्याची सलग वंशावळ या गोष्टी बाराव्या शतकातल्या राजकारणातून घडल्या. त्या काळात ओस्लो फ्योर्डच्या परिसरावर डेन राजे हक्क सांगत होते. नॉर्वेच्या राजांना 'हा मुलूख आमच्या पूर्वजांचाच' असे म्हणता येणे फार सोयीचे होते. २००२ मध्ये आइसलँडचे इतिहासकार स्वेरिर याकोब्सन आणखी पुढे गेले आणि ग्रंथांतला हॅराल्ड जवळजवळ संपूर्णपणे पौराणिक आहे असे त्यांनी मांडले. सगळ्यांना ते पटलेले नाही. वाद अजून चालू आहे.

वंशावळीला इतके मोल का, हे कळण्यासाठी हॅराल्डच्या आयुष्यातली सर्वांत चमत्कारिक कथा पाहावी लागेल. डोव्रे पर्वताजवळ तोफ्ते येथे यूल सणाच्या रात्री राजा जेवायला बसला असताना स्वासी नावाचा एक सामी माणूस दाराशी आला आणि त्याने राजाला आपल्या खोपीत नेले. तिथे स्नेफ्रिद, त्याची देखणी मुलगी, मधाच्या मद्याचा पेला घेऊन उभी राहिली. पेल्यासह तिचा हात हातात येताच राजाच्या अंगातून आग धावली. स्वासीने अट घातली की आधी लग्न. लग्न झाले, चार मुलगे झाले. मग स्नेफ्रिद वारली, पण तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला नाही. ती जिवंत होईल या आशेने राजा तीन वर्षे प्रेताजवळ बसून राहिला. त्याला वेड लागले म्हणून प्रजा हळहळत होती. शेवटी थोर्लेइफ नावाच्या शहाण्याने समजुतीने काम घेतले. एवढ्या थोर राणीला इतका काळ एकाच वस्त्रात ठेवणे शोभत नाही, वस्त्र बदलावे, असे त्याने सुचवले. प्रेत उचलताच भयंकर दुर्गंध सुटला, शरीर काळेनिळे पडले आणि त्यातून किडे, साप, बेडूक बाहेर आले. ते जाळून टाकले. राजा भानावर आला आणि रागाने त्याने तिच्या मुलांना हाकलून दिले. थ्योदोल्फ या कवीने मध्यस्थी केल्यावरच त्याने त्यांना पुन्हा जवळ केले.

कथा भुताटकीची वाटते, पण तिच्या शेपटाला राजकारण बांधलेले आहे. स्नेफ्रिदच्या त्या हाकललेल्या मुलांपैकी एक सिगुर्द. सागांनुसार त्याच्याच वंशात हॅराल्ड हार्दराडा जन्मला. हा दुसरा हॅराल्ड मात्र दंतकथेचा नाही. तो कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या फौजेत लढला, नॉर्वेचा राजा झाला आणि २५ सप्टेंबर १०६६ रोजी इंग्लंडमध्ये स्टॅमफर्ड ब्रिज येथे मारला गेला. पुढचे नॉर्वेचे राजे बहुतांशी त्याच्याच वंशातले. आपला गादीवरचा हक्क सुकेश हॅराल्डपासून चालत आलेला आहे हे दाखवण्याची गरज या घराण्याला होती. तीन पिढ्यांच्या नावांचा हा पूल खरा होता की नंतर बांधला गेला, याबद्दल अभ्यासकांना मोठी शंका आहे. ओलाफ त्रिग्वासोन आणि संत ओलाफ यांचीही घराणी अशीच निरनिराळ्या मुलांमार्फत हॅराल्डला नेऊन भिडवलेली आहेत. सागा त्याला वीसच्या आसपास मुलगे देतात. हवा त्याला एखादा मुलगा मिळावा, इतकी ती यादी लांब आहे.

समुद्रापलीकडे आइसलँडमध्ये मात्र वेगळाच हॅराल्ड सांगितला जात होता. तिथला पहिला इतिहासकार आरी थोर्गिल्सन याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिले, की आइसलँडची वसाहत सुकेश हॅराल्डच्या काळात, इ. स. ८७० च्या सुमारास सुरू झाली. लोक इतक्या संख्येने निघाले की देश ओस पडेल या भीतीने राजाने आधी मनाई केली, मग जाणाऱ्यांवर कर बसवला. वसाहतीच्या काळाबाबत आरीचा अंदाज थक्क करणारा आहे. आइसलँडमधील सर्वांत जुन्या वस्तीच्या खुणा ज्वालामुखीच्या राखेच्या एका थराला लागून सापडतात, आणि ग्रीनलँडच्या बर्फातील राखेशी पडताळून त्या थराचे साल ८७१, दोन वर्षे इकडेतिकडे, असे निघाले आहे. तोंडी परंपरा अडीच शतके साल सांभाळू शकते, याचे हे उदाहरण. सागांना सरसकट 'भाकडकथा' म्हणणाऱ्यांनी ते विसरू नये.

पण लोक का निघाले? नंतरच्या सागांचे उत्तर एकच: हॅराल्डच्या जुलमामुळे. त्याने शेतकऱ्यांची 'ओदाल', म्हणजे पिढीजात मिरासीची जमीन, आपल्या मालकीची केली आणि तिच्यावर कर लावला, असे त्या सांगतात. 'एगिल सागा'त थोरोल्फ हा तडफदार तरुण हॅराल्डची चाकरी पत्करतो आणि उत्तरेला सामींकडून खंडणी गोळा करतो. ओत्तारने सांगितला तोच हा धंदा. त्याचे वैभव पाहून जळणारे राजाचे कान भरतात, आणि हॅराल्ड स्वतः चालून जाऊन त्याचा जीव घेतो. थोरोल्फचा भाऊ स्काल्लाग्रिम सूड घेऊन आइसलँडला निघून जातो. आइसलँडच्या मोठ्या घराण्यांना आपले पूर्वज जमिनीच्या शोधात आलेले साधे शेतकरी होते असे सांगण्यापेक्षा, ते ताठ मानेचे आणि राजापुढे न झुकणारे होते हे सांगणे अधिक प्रिय होते. वसाहतकाऱ्यांपैकी कित्येक हॅराल्डची सत्ता वाढण्याआधीच निघाले असावेत आणि कित्येक थेट नॉर्वेहून नव्हे तर ब्रिटिश बेटांतून आले, हे त्या चित्रात बसत नाही.

नॉर्वेच्या गादीला पूर्वज हवा होता आणि आइसलँडच्या शेतकरी सरदारांना जुलमी राजा. एकाच नावाने दोन्ही गरजा भागल्या.

स्नोरी या दोन्हींच्या मधोमध उभा होता, आणि त्याची किंमत त्याने मोजली. तो आइसलँडचा बडा सरदार, कायदेमंडळाचा अध्यक्ष आणि राजा होकोन होकोनसन याचा मानकरी होता. नॉर्वेला जाऊन त्याने राजदरबाराशी संबंध जोडले. आइसलँड राजाच्या सत्तेखाली आणण्यास मदत करण्याचे त्याच्याकडून अपेक्षित होते. ते त्याने केले नाही. पुढे राजाची आज्ञा मोडून तो मायदेशी परतला. सप्टेंबर १२४१ मध्ये राजाच्या सांगण्यावरून त्याच्या राइकहोल्ट येथील घरावर माणसे चालून आली आणि तळघरात लपलेल्या त्या म्हाताऱ्याला त्यांनी ठार केले. १२६२ नंतरच्या दोन वर्षांत आइसलँडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व मान्य केले. त्याने रंगवलेला हॅराल्ड भव्य आहे आणि भयंकरही. सारा देश आपला मानणाऱ्या राजाबद्दल लिहिताना स्नोरीच्या डोळ्यांपुढे केवळ नववे शतक नव्हते, असे मानायला पुरेशी जागा आहे.

मग हातात उरते काय? थोडे उरते, आणि ते पोकळ नाही. बाराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार विल्यम ऑफ माल्म्सबरी लिहितो, की हॅराल्ड नावाच्या नॉर्वेच्या एका राजाने इंग्लंडचा राजा अथेलस्टन (कारकीर्द ९२४ ते ९३९) याला सोन्याचा मुलामा दिलेला नाळेचा भाग आणि जांभळे शीड असलेले जहाज भेट पाठवले. हॅराल्डचा धाकटा मुलगा होकोन हा अथेलस्टनच्या घरी वाढला, असे सागा सांगतात, आणि 'अथेलस्टनचा पाल्य' हेच त्याचे टोपणनाव झाले. दोन वेगळ्या देशांतील परंपरा इथे एकमेकींना दुजोरा देतात. कार्म्य बेटावरील आवाल्ड्सनेस येथे, जिथे सागांनुसार हॅराल्डचा वाडा होता, २०११-१२ मध्ये झालेल्या उत्खननात मोठ्या सत्ताकेंद्राच्या खुणा मिळाल्या. त्यांतल्या कित्येक हॅराल्डच्याही शतकानुशतके आधीच्या आहेत. तिथली सामुद्रधुनी अरुंद आहे, आणि 'उत्तरेच्या वाटे'ने जाणारे जहाज तिच्यातूनच जाई. ती जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती जकात. सारा नॉर्वे नसेल, पण नैर्ऋत्य किनाऱ्याची ही नाडी धरून बसलेला एक बलाढ्य राजा सन ९०० च्या सुमारास होता, ही शक्यता बहुतेकांना मान्य होण्यासारखी आहे.

आणि ते केस? इथे एक शेवटची अडचण आहे. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या इंग्रजी बखरीच्या एका प्रतीत १०६६ च्या नोंदीत 'हारफाग्री' हे टोपणनाव येते. पण ते दिले आहे स्टॅमफर्ड ब्रिजला पडलेल्या हॅराल्ड हार्दराडाला. ही नोंद स्नोरीच्या ग्रंथाहून बरीच जुनी आहे. इंग्रज लेखकाने दोन हॅराल्डांत गल्लत केली असेल. किंवा हे नाव मुळात हार्दराडाचेच असेल आणि कथा सांगता सांगता ते मागे सरकून त्याच्या मानलेल्या पूर्वजाला चिकटले असेल. जुन्या कवितेत सापडतो तो 'झिपऱ्या' आहे. 'सुकेश' लिखित स्वरूपात फार नंतर येतो. आणि हे खरे असेल तर रोग्नवाल्डच्या हातातली कात्री आणि गिदेचा टोमणा या दोन्ही गोष्टी, एका राजाला चिकटलेली दोन नावे जुळवण्यासाठी रचल्या गेल्या असतील.

एकोणिसाव्या शतकातील नॉर्वेला हे तपशील ठाऊक नव्हते, किंवा नको होते. १८९९ मध्ये स्नोरीच्या ग्रंथाची सचित्र आवृत्ती निघाली, एरिक वेरेन्शोल्ड आणि क्रिस्टियान क्रोग यांच्यासारख्या चित्रकारांनी तिची चित्रे काढली, आणि आजही नॉर्वेच्या लोकांच्या डोळ्यांपुढे सागांतील राजे येतात ते त्याच रूपात. १९०५ मध्ये स्वीडनशी असलेले नाते तुटले. नव्या राज्यासाठी डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल बोलावला गेला आणि गादीवर बसताना त्याने सागांतले नाव घेतले: होकोन. तोही साधा होकोन नाही, होकोन सातवा. त्याच्या मुलाचे नाव बदलून ओलाव ठेवले गेले. तो १९५७ मध्ये ओलाव पाचवा म्हणून राजा झाला. १९८३ मध्ये त्यानेच हाफ्रसफ्योर्डच्या काठी, खडकात रोवलेल्या तीन प्रचंड तलवारींच्या स्मारकाचे अनावरण केले. त्यातली सर्वांत उंच तलवार हॅराल्डची आणि लहान दोन हरलेल्यांच्या. १९९१ मध्ये ओलावचा मुलगा गादीवर आला, तो हॅराल्ड पाचवा. हा आकडा ज्या यादीतून येतो, तिच्यात दुसरा आहे 'राखाडी झग्याचा' हॅराल्ड, तिसरा हार्दराडा, चौथा हॅराल्ड गिले. पहिल्या क्रमांकावर झिपऱ्या आहे.